जळगाव-धुळे-नंदुरबारच्या लिलाव मिळकतींची साइट नव्याने बांधायची आहे, आधी काय हातात घ्यावं?

केळीपट्टा यांचा प्रश्न

राम राम मंडळी. बँकांनी आणि पतसंस्थांनी लिलावात काढलेल्या मिळकतींची यादी देणारी एक स्थानिक साइट नव्याने बांधायचं काम आहे. व्याप्ती तीन जिल्हे: जळगावचे १५ तालुके, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६.

सध्याची साइट म्हणजे एक लांबलचक तक्ता आहे. बँक, गाव, वर्णन, राखीव किंमत (जिच्या खाली बोली चालत नाही), लिलावाची तारीख आणि शेवटच्या रकान्यात पेपरातल्या जाहिरातीचा स्कॅन. मोबाइलवर तो आडवा सरकवत बसावं लागतं. पण त्याहून मोठ्या अडचणी या आहेत:

एकच घर तीन-तीनदा दिसतं, कारण लिलाव पुन्हा निघाला की नवी ओळ टाकली जाते. होऊन गेलेले लिलावही यादीत तसेच पडून असतात. मराठीत शोधलं तर एक निकाल येतो, इंग्रजीत शोधलं तर दुसरा. आणि फोन करणारा प्रत्येक जण दोनच गोष्टी विचारतो: ताबा कोणाकडे आहे आणि पैसे किती दिवसांत भरायचे? साइटवर दोन्हींची उत्तरं नाहीत.

साइट पीएचपी आणि मायएसक्यूएलवर आहे, नोंदी दोन माणसं हाताने भरतात. मालकाचं म्हणणं, आधी रंगरूप बदला. मला वाटतं मूळ दुखणं आत आहे. कर्जदारांची नावं यादीत ठेवावीत की नाही, हेही सांगा.

---

गिरणाकाठ यांचं उत्तर

तुमचं निदान बरोबर आहे. रंगरूपाला हात लावण्याआधी नोंदींची मांडणी बदला, नाहीतर नव्या साइटवरही तेच घर तीनदा दिसेल, फक्त जास्त देखणं.

आज तुमची एक ओळ म्हणजे एक जाहिरात. ती एक मिळकत असायला हवी. म्हणजे निदान तीन तक्ते लागतील: मिळकत, लिलाव आणि सूचना. मिळकत एकदाच नोंदली जाते. तिच्याखाली पहिला लिलाव, दुसरा, तिसरा, आणि प्रत्येकाची स्वतःची राखीव किंमत, अनामत (बोली लावण्याआधी भरायची रक्कम), पाहणीची तारीख, अनामत भरायची अखेरची वेळ आणि लिलावाची वेळ. सूचनेच्या तक्त्यात जाहिरात कुठल्या पेपरात, कुठल्या तारखेला आली ते ठेवा. याचा सगळ्यात मोठा फायदा वाचणाऱ्याला: राखीव किंमत आधी ३२ लाख होती, मग २८ लाख ८० हजार, आता २६ लाख, असा प्रवास एकाच पानावर दिसतो. बोली लावणाऱ्यासाठी सगळ्या पानावर याहून कामाची माहिती नाही.

मिळकत तीच आहे हे ओळखायचं कसं? बँकेच्या वर्णनावर विसंबू नका, ते दर जाहिरातीत थोडं बदलतं. गावाचा केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला कोड, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर आणि फ्लॅट असेल तर मजला व फ्लॅट नंबर, एवढ्यांची मिळून एक चावी बनवा. ती बनवताना मधल्या मोकळ्या जागा (स्पेस) आणि बिंदू काढून टाका, आडवी रेघ आली तर तिरपी करा, म्हणजे '१२३ / १-ब' आणि '१२३/१/ब' एकच धरले जातील. मात्र 'पैकी' या शब्दाला हात लावू नका. 'प्लॉट नं. ७ पैकी पूर्वेकडील भाग' आणि 'प्लॉट नं. ७ पैकी पश्चिमेकडील भाग' या दोन वेगळ्या मिळकती आहेत, वेगळ्या कर्जदारांच्याही असू शकतात. म्हणून 'पैकी'साठी वेगळा रकाना ठेवा आणि त्यात मजकूर असेल तर यंत्राने आपोआप जुळवणी करू नये, नोंद करणाऱ्याने चतुःसीमा वाचून ठरवावं. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर दोन्ही जाहिरातीत असतील तर दोन्ही ठेवा.

क्षेत्रफळ जाहिरातीत जसं लिहिलंय तसंच एका रकान्यात ठेवा आणि चौरस मीटरमधला आकडा दुसऱ्यात. १ आर म्हणजे १०० चौ.मी., म्हणजे १,०७६.३९ चौ.फूट. १०० आर म्हणजे १ हेक्टर. प्लॉटचं क्षेत्र आणि बांधकामाचं क्षेत्र एकाच रकान्यात कोंबलं की 'दर चौरस फूट' हा हिशेब साफ चुकतो, आणि लोक तुलना त्यावरूनच करतात.

लिलावाच्या स्थितीसाठी मोकळा मजकूर नको, ठरलेले पर्याय द्या: जाहीर, स्थगित, रद्द, बोली आली नाही, बोली लागली, विक्री कायम. शेवटचे दोन वेगळे का, ते वसुलीच्या बाजूचं कोणी सांगेलच. लिलावाची वेळ उलटली आणि निकाल कळला नसेल तर स्थिती आपोआप 'निकाल कळलेला नाही' व्हावी आणि नोंद मुख्य यादीतून बाहेर जावी. हे माणसाच्या आठवणीवर सोडलं तर महिनाभरात पुन्हा जुने लिलाव साचतात.

---

वसुली कट्टा यांचं उत्तर

गिरणाकाठ भाऊंनी सांगितलेल्या मांडणीत माझ्या मते आणखी एक रकाना सक्तीचा हवा: लिलाव कुठल्या कायद्याखाली आहे. ताबा, मुदत, अनामत, शेतजमीन चालते की नाही, सगळं त्यावर ठरतं. आपल्या भागात मुख्यतः दोन प्रकार येतात.

पहिला सरफेसी कायदा, २००२, म्हणजे थकलेल्या कर्जाची तारण मिळकत बँकेला कोर्टात न जाता विकू देणारा. राष्ट्रीयीकृत, खासगी आणि सहकारी बँका याखाली येतात. सहकारी बँकांबद्दल शंका होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मिटवली. क्रम असा: कलम १३(२) ची ६० दिवसांची मागणी सूचना, मग १३(४) खाली ताबा, ताब्याची सूचना सात दिवसांत दोन पेपरांत, त्यातला एक स्थानिक भाषेतला. मग विक्रीची जाहीर सूचना. पहिल्या लिलावाला सूचनेपासून किमान ३० दिवस द्यावे लागतात. तो फसला तर पुढच्याला १५ दिवस पुरतात. म्हणून फेरलिलाव अचानक उगवल्यासारखे वाटतात. नोंद करणाऱ्यांनी फसलेल्या लिलावाकडे पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावं, अशी आठवण साइटनेच त्यांना द्यावी.

पैशाचं वेळापत्रक याच कायद्याच्या नियमांतल्या नियम ९ मध्ये आहे. बोली लागली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, २५ टक्के भरायचे, आणि भरलेली अनामत त्यातच धरली जाते. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, किंवा बँकेने लेखी वाढवून दिलेल्या मुदतीत, पण ती मुदत तीन महिन्यांच्या पुढे जात नाही. चुकलं तर भरलेली रक्कम जप्त होते. हे पानावर टक्क्यांत लिहू नका, रुपयांत मांडा. राखीव किंमत २४ लाख, अनामत १० टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. बोली २५ लाख १० हजारांवर लागली तर २५ टक्के होतात ६,२७,५००, त्यातून अनामत वजा जाता दुसऱ्या दिवसापर्यंत ३,८७,५०० भरायचे आणि नंतर १८,८२,५००. वाचणाऱ्याला बोलीचा आकडा टाकता येईल असा छोटा हिशेबाचा चौकोन दिलात तर तुमचे निम्मे फोन थांबतील. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदाराला १ टक्का टीडीएस कापावा लागतो, तेही तिथेच दाखवा. १० टक्के अनामत हा बहुतेक बँकांचा रिवाज आहे, कायद्याचा आकडा नाही, त्यामुळे ती सूचनेतूनच घ्या, हिशेबाने भरू नका.

दुसरा प्रकार पतसंस्थांचा. त्या सरफेसी वापरू शकत नाहीत. त्यांचं काम महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यावर आणि १९६१ च्या नियमांतल्या नियम १०७ वर चालतं. इथे लिलाव संपताच १५ टक्के जागेवर भरायचे, नाही भरले तर मिळकत लगेच पुन्हा लिलावात. उरलेली रक्कम विक्रीच्या तारखेपासून १५ दिवसांत. आणि महत्त्वाचं: विक्रीनंतर ३० दिवसांच्या आत कर्जदार थकबाकी आणि खरेदीदारासाठी खरेदी किमतीच्या ५ टक्के भरून विक्री रद्द करून घेऊ शकतो, किंवा लिलावात गंभीर अनियमितता झाली म्हणून अर्ज करू शकतो. ती मुदत सरल्यावरच विक्री कायम होते. 'बोली लागली' आणि 'विक्री कायम' वेगळे ठेवायचं कारण हेच.

माझ्या मते तुमच्या साइटचं खरं मोल पतसंस्थांच्या लिलावात आहे. सरकारी बँकांच्या मिळकती ३ जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या बँकनेट पोर्टलवर एका ठिकाणी सापडतात. पतसंस्थेची विक्रीची उद्घोषणा मात्र वसुली अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि तालुक्याच्या कार्यालयात किमान ३० दिवस आधी लावली जाते आणि गावात दवंडी देतात. ती चोपड्याच्या किंवा पारोळ्याच्या फलकावरच राहते. तालुक्याला एक माणूस ठरवून फलकाचा फोटो मिळवला, तर दुसरीकडे न सापडणारी यादी तुमच्याकडे तयार होईल.

आता ताबा. दोनच पर्याय द्या, 'सांकेतिक ताबा' आणि 'प्रत्यक्ष ताबा', आणि तो यादीतल्या कार्डावरच रंगासह दिसू द्या, आतल्या पानावर नको. सांकेतिक म्हणजे दारावर सूचना लागली आहे, आत बहुधा माणसं राहत आहेत. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला बहुधा सरफेसीच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं आणि त्याला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही. सूचनेत ताब्याचा उल्लेख नसेल तर 'सूचनेत नमूद नाही' लिहा. अंदाजाने 'प्रत्यक्ष' लिहिणं म्हणजे एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी अडकवणं.

सूचनेतला 'ज्ञात भार' हा भागही वेगळा घ्या. विक्री 'जसे आहे जेथे आहे' तत्त्वावर असते. नगरपालिकेची घरपट्टी, पाणीपट्टी, वीज थकबाकी, सोसायटीची देणी खरेदीदाराच्या गळ्यात येऊ शकतात. तिथे रिकामा रकाना दिसला तर लोक 'भार नाही' असं वाचतात, म्हणून रिकामा ठेवू नका.

---

पांझरा यांचं उत्तर

मजकुराची बाजू मी घेतो. मराठीत आणि इंग्रजीत वेगळे निकाल येतात त्याची निदान तीन कारणं असतील.

एक, गावांची नावं. जळगाव-जळगांव, नंदुरबार-नंदूरबार, शिंदखेडा-सिंदखेडा, सावदा-सावदे, मुक्ताईनगर आणि जुनं एदलाबाद, अक्राणी आणि धडगाव. शोधयंत्र हुशार करायच्या मागे लागू नका. पर्यायी नावांचा एक साधा तक्ता करा: प्रत्येक गावाचा कोड आणि त्याखाली लोक टाइप करतात ती सगळी रूपं, रोमन लिपीतलीसुद्धा. २५ तालुके आणि मोठी गावं धरली तरी हे दोन दिवसांचं काम आहे. जळगाव जामोद बुलढाण्यात आहे, ते जळगावच्या निकालात घुसू देऊ नका.

दोन, अक्षरांचं कोडिंग. 'ऱ्या' दोन पद्धतींनी टाइप होतो, एकात न दिसणारा जोडणारा वर्ण असतो. दिसायला सारखं, शोधायला वेगळं. दाखवायचा मजकूर तसाच ठेवा, पण शोधासाठी वेगळा रकाना करून त्यात युनिकोडचं एनएफसी रूप (एकाच अक्षराची ठरलेली एकच मांडणी) घ्या, 'ऱ' चा 'र' करा, न दिसणारे वर्ण काढा आणि देवनागरी अंक रोमन अंकांत बदला. शोधणाऱ्याच्या शब्दावरही हीच प्रक्रिया चालवा, नाहीतर उपयोग नाही.

तीन, जुना डेटाबेस. जुन्या मायएसक्यूएल साइटवर बऱ्याचदा तक्ता लॅटिन-१ मध्ये असतो आणि आत यूटीएफ-८ चे बाइट भरलेले असतात. साइटवर मराठी नीट दिसते, पण डेटाबेस उघडला की परक्या अक्षरांची रांग. असा तक्ता थेट नव्या कोडिंगमध्ये बदलला तर मजकूर दुहेरी बिघडतो आणि साइटवरही दिसेनासा होतो. आधी रकाना ब्लॉब (नुसते बाइट ठेवणारा प्रकार) करा, मग यूटीएफ-८ एमबी-४ करा. हे मूळ डेटावर नव्हे, प्रतीवर करून पाहा.

जाहिरातींतून मजकूर उचलताना: बँकांच्या मराठी पीडीएफ अनेकदा श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतात. डोळ्यांना मराठी, कॉपी केलं की कचरा. तिथे मजकूर काढण्यात वेळ न घालवता पान ३०० डीपीआयने चित्र करून टेसेरॅक्ट या चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा देऊन वाचायला द्या. मात्र आकड्यांवर विश्वास नको. १ आणि ९ ची गल्लत होते, स्वल्पविराम आणि दशांश चिन्ह एकमेकांच्या जागी येतात. सगळ्यात घातक म्हणजे जाहिरातीच्या वर बारीक अक्षरांत 'रक्कम लाखांत' लिहिलेलं असतं आणि '२४.००' ही २४ रुपये किंवा २,४०० म्हणून नोंदली जाते. ते वाक्य डोळ्यांनीच तपासा. एकाच आकड्यात चूक असेल तर ती पकडायला एक साधी चाळणी लावा: अनामत भागिले राखीव किंमत ५ ते २५ टक्क्यांच्या बाहेर गेली तर नोंद थांबवून माणसाकडे पाठवा.

किंमत डेटाबेसमध्ये पूर्ण रुपयांत, साध्या पूर्णांकात ठेवा. लाख-कोटींची मांडणी फक्त दाखवताना. फॉर्ममध्ये अंकाचा खास रकाना वापरू नका, ब्राउझर त्यात बहुधा देवनागरी अंक स्वीकारत नाही. मजकुराचा रकाना ठेवून अंकांचा कीबोर्ड उघडायला सांगा आणि दोन्ही लिप्यांतले अंक चालू द्या.

दिसण्याबद्दल थोडंच. ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ पट तरी हवं, नाहीतर रफार आणि उकार एकमेकांवर चढतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त (Mukta) यांपैकी एकच फाँट, दोन जाडींत, पुरेसा आहे. तक्त्याऐवजी कार्ड: वर प्रकार आणि गाव, मग राखीव किंमत मोठ्या अक्षरांत, त्याखाली ताबा आणि अनामतीची अखेरची वेळ. लिलावाच्या तारखेपेक्षा अनामतीची तारीख ठळक हवी, कारण ती बहुतेक वेळा आधी असते आणि ती हुकली की लिलावाची तारीख निरुपयोगी.

---

केळीपट्टा

मंडळी, मनापासून आभार. मालकाला दाखवायला याहून चांगलं काही मिळालं नसतं. तीन गोष्टी राहिल्या: शेतजमिनी कशा दाखवू, नावांचं काय, आणि जुन्या पानांचे दुवे लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवलेत, त्यांचं काय करू?

---

सातपुडा पायथा यांचं उत्तर

शेतजमीन: सरफेसीच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवरचं तारण त्या कायद्याबाहेर आहे. त्यामुळे बँकेच्या सरफेसी यादीत नुसता गट नंबर आणि 'जमीन' दिसली तर नोंद पुन्हा तपासा. बहुधा ती बिनशेती झालेली असते आणि जाहिरातीतला 'एन.ए.' तुमच्याकडे उतरवायचा राहिलेला असतो. पतसंस्थेच्या लिलावात शेतजमीन येऊ शकते. तिथे कार्डावर 'खरेदीदार शेतकरी असणं आवश्यक' असं लिहा, कारण १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेऊ देत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तर तोही दाखवा, हस्तांतरणाला परवानगी लागते. नंदुरबार जिल्ह्यात आणि यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, साक्रीच्या आदिवासी पट्ट्यात जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ आडवं येतं: आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय जात नाही. या तीन गोष्टींसाठी खुणेचे रकाने करा. माहिती नसेल तर 'सातबारा पाहून खात्री करा' असं लिहा.

जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीतला गाळा, डाळ मिल, चटईचा कारखाना आला तर 'भाडेपट्टा' हा पर्याय लागेल. तिथली जमीन ९५ वर्षांच्या कराराची असते आणि नाव बदलायला महामंडळाची संमती व शुल्क लागतं. यंत्रं इमारतीबरोबर विकायची आहेत की वेगळी, तेही नोंदवा.

नकाशावर गट नंबराचा अचूक ठिपका लावता येत नसेल तर गावाचा मध्य दाखवा आणि तो गावाचा मध्य आहे हे ठिपक्यावरच लिहा. चुकीच्या घरावर ठिपका पडला तर त्या घरच्यांना हकनाक त्रास.

नावं: कर्जदार आणि जामीनदारांची नावं ठेवू नका. बँकेला ती छापणं भाग असतं, तुम्हाला नाही. मिळकत घेणाऱ्याला गट नंबर पुरतो. जाहिरातीच्या स्कॅनमध्ये नावं असतातच, म्हणून स्कॅन पानावर न लावता बँकेच्या मूळ सूचनेचा दुवा द्या. मूळ सूचना ऑनलाइन नसेल तर नावांवर पट्टी मारून स्कॅन ठेवा. कर्ज फिटल्यावरही एखाद्याचं नाव गुगलवर 'थकबाकीदार' म्हणून येत राहावं असं काही करू नका. प्राधिकृत अधिकाऱ्याचा कार्यालयीन क्रमांक मात्र द्या.

जुने दुवे: जुना प्रत्येक पत्ता त्याच मिळकतीच्या नव्या पानाकडे ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याचा संकेत) वळवा. तीन जुन्या ओळी एका मिळकतीत विलीन झाल्या तर तिन्ही पत्ते त्या एकाच पानाकडे. सगळे पत्ते मुखपृष्ठाकडे वळवायचा मोह टाळा, गुगल ते हरवलेलं पान समजतं आणि दुवा उघडणाऱ्यालाही काही कळत नाही. संपलेल्या लिलावाचं पान पुसू नका, वर ठळक 'लिलाव झाला' आणि फेरलिलाव असेल तर त्याची तारीख. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला की दिसणारं चित्र १२०० बाय ६३० आकाराचं, ३०० केबीच्या आत ठेवा.

एसएमएसने कळवणार असाल तर डीएलटी (व्यावसायिक एसएमएससाठीची) नोंदणी, शीर्षक आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्या. मराठी एसएमएस ७० वर्णांत संपतो, त्यापुढे प्रत्येक भाग ६७ चा आणि पैसे भागागणिक. गाव, किंमत, अनामतीची तारीख आणि दुवा एवढंच बसवा.

आणि एक, जे चाचणीत सुटतं: सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल आणि '१५ तारीख' मध्यरात्रीच्या वेळेसह साठवली असेल तर ती यूटीसीत १४ तारखेचे सायंकाळचे ६:३० होते आणि काही पानांवर १४ दिसते. नुसती तारीख असेल तिथे नुसत्या तारखेचा रकाना वापरा. वेळ असेल तिथे भारतीय वेळेतच दाखवा. अनामतीची वेळ 'सायं. ५:०० पर्यंत' अशी पूर्ण लिहा, आणि स्थिती बदलणारं काम रात्री एकदाच न चालवता दर १५ मिनिटांनी चालवा. शिवाय कर्जदाराशी तडजोड होऊन किंवा डीआरटीची (कर्जवसुली न्यायाधिकरणाची) स्थगिती येऊन लिलाव कधी कधी त्याच सकाळी थांबतो. अशा दिवशी नोंद करणाऱ्याला मोबाइलवरून एका बटणात 'स्थगित' करता आलं पाहिजे.

---

वसुली कट्टा

स्थगितीच्या बटणाला एक जोड: 'हे कुठून कळलं' असा छोटा रकाना सक्तीचा करा, बँकेचा फोन, पोर्टल की फलक. तोंडी ऐकीव बातमीवर लिलाव स्थगित दाखवला आणि तो झाला, तर अनामत घेऊन निघालेला माणूस घरीच थांबलेला असेल.